काळ्या दोऱ्यावर उडणारे वीर

सुरतेहून जळगावकडे निघालेली गाडी उधना मागे टाकते आणि थोड्याच वेळात चलथाणला थांबते. पलसाणा तालुक्यातले हे गाव साखर कारखान्यासाठी ओळखले जाते. मुंबई-अहमदाबाद महामार्ग त्याला खेटून जातो आणि सुरतेच्या कापडधंद्याचा पसारा आता त्याच्या शिवेपर्यंत पोचला आहे. याच लोहमार्गाने अमळनेर, धरणगाव, दोंडाईचा, नंदुरबारकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या कामासाठी इकडे उतरत आली. उधना, लिंबायत, पांडेसरा ते चलथाण या पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये घरात अहिराणी किंवा मराठी, दुकानात गुजराती आणि पडद्यावर हिंदी, असे सगळे सुखाने चालते. इथल्या मुलांच्या दप्तरांवर स्पायडरमॅन असतो. त्याच मुलांच्या घरी भिंतीवर द्रोणागिरी उचलून निघालेला मारुती असतो. या दोन चित्रांना जोडणारा माणूस सुरतेत जन्मला, हे मात्र त्या घरांत फारसे कुणाला ठाऊक नसते.

त्याचे नाव बाबूभाई मिस्त्री. जन्म ५ सप्टेंबर १९१८, सुरत. मृत्यू २० डिसेंबर २०१०. हिंदी चित्रपटात माणूस अदृश्य झाला, मारुती उडाला, बाण हवेत बाणाला भिडला, एकाच नटीने स्वतःशीच संवाद केला, या सगळ्याच्या मुळाशी कुठेतरी त्यांचा हात आहे. भारतीय सुपरहिरोची गोष्ट सांगायची झाली की लोक ‘क्रिश’पासून (२००६) सुरुवात करतात, फार तर ‘मिस्टर इंडिया’पर्यंत (१९८७) मागे जातात. मला ही सुरुवात पन्नास वर्षांनी उशिराची वाटते. शिवाय ती उशिराने केली की एक महत्त्वाची गोष्ट हातून निसटते. अचाट शक्तीच्या माणसाची कथा आपल्याकडे वेगळ्या रीतीने सांगितली गेली, आणि त्या रीतीमागे स्वतःचा विचार होता.

अमेरिकेतल्या युनिव्हर्सल कंपनीने १९३३ साली एच. जी. वेल्सच्या कादंबरीवरून ‘द इनव्हिजिबल मॅन’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शक जेम्स व्हेल. त्यातल्या अदृश्य माणसाचे कपडे चालतात, आत माणूस दिसत नाही. मुंबईत प्रकाश पिक्चर्स चालवणाऱ्या विजय भट्ट यांना आपल्याकडे असाच चित्रपट करायचा होता. हॉलिवूडमध्ये त्यासाठी नटाला काळ्या मखमलीत गुंडाळून काळ्या मखमलीसमोर उभे करत, आणि मग ती फिल्म दुसऱ्या फिल्मशी यंत्रावर जोडत. भट्टांच्या स्टुडिओत अशी यंत्रसामग्री नव्हती. वयाची एकोणीस वर्षेही पूर्ण न झालेला बाबूभाई मात्र होता. त्याने काळा पडदा लावला, वस्तूंना काळा दोरा बांधला आणि प्रकाश असा ठेवला की तो फक्त वस्तूवर पडावा. दोरा कॅमेऱ्याला दिसलाच नाही. वस्तू मात्र आपोआप हलू लागल्या. चित्रपटाचे नाव ‘ख्वाब की दुनिया’, साल १९३७. धंद्यातल्या लोकांनी या पोराचे नावच ‘काला धागा’ ठेवले, आणि ते कायमचे चिकटले.

या युक्तीमागचे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे, कारण बाबूभाईंची पुढची पन्नास वर्षे त्याच्यावर उभी आहेत. फिल्म म्हणजे प्रकाश टिपणारी रासायनिक पट्टी. जिथून प्रकाश येत नाही तिथे पट्टीवर काही उमटत नाही. ती जागा कोरीच राहते. म्हणजे काळे हे फिल्मच्या दृष्टीने नुसता रंग नाही, ती न लिहिलेली जागा आहे. तीच पट्टी मागे गुंडाळून पुन्हा कॅमेऱ्यातून फिरवली, तर त्या कोऱ्या जागेत दुसरे चित्र उमटवता येते. पहिल्या फेरीत भिंगाच्या अर्ध्या भागावर झाकण लावायचे, नटीला डावीकडे उभे करून चित्रण करायचे. मग पट्टी मागे न्यायची, झाकण दुसऱ्या बाजूला सरकवायचे, नटीला दुसरा पोशाख चढवून उजवीकडे उभे करायचे. कॅमेरा या दोन फेऱ्यांमध्ये केसभरही हलता कामा नये. पट्टी जिथून सुरू झाली नेमकी तिथूनच पुन्हा सुरू व्हायला हवी. नटीने पहिल्या फेरीत समोरच्या रिकाम्या जागेकडे ज्या क्षणी पाहिले, दुसऱ्या फेरीत त्याच क्षणी तिथून उत्तर आले पाहिजे. आणि हे जमले की नाही, ते फिल्म प्रयोगशाळेत धुऊन येईपर्यंत कुणालाच कळत नसे. चुकले तर दोन्ही फेऱ्यांचे काम वाया.

या कामाला कौशल्य लागते हे उघड आहे. मला त्यातला धीर अधिक मोठा वाटतो. आजचा दिग्दर्शक नटाला तारेला टांगतो आणि ती तार नंतर संगणकावर पुसून टाकतो. बाबूभाईंच्या काळी पुसण्याची सोय नव्हती. तार चित्रणाच्या वेळीच दिसेनाशी करावी लागे: रंगाने, प्रकाशाने, मागच्या पडद्यावर रंगवलेल्या ढगांच्या रेषांत तिला मिसळून.

छोट्या प्रतिकृतींचेही एक शास्त्र आहे. लंका जाळायची तर खरे शहर जाळता येत नाही. मग हातभर उंचीचे महाल बांधतात. पण छोटा महाल छोट्या वेगाने कोसळत नाही, तो झटकन कोसळतो, आणि पाहणाऱ्याला तो खेळण्यातला आहे हे कळते. उपाय असा की कॅमेरा जास्त वेगाने चालवायचा, म्हणजे पडद्यावर कोसळणे संथ दिसते. किती वेगाने? प्रतिकृती खऱ्याच्या जितक्या पट लहान, त्या संख्येचे वर्गमूळ काढायचे. सोळापट लहान महालासाठी वेग चौपट: सेकंदाला चोवीसऐवजी शहाण्णव चित्रे. पडझडीचे असे बरेचसे जमून जाते. पाण्याचे जमत नाही, कारण पाण्याचा थेंब प्रतिकृतीच्या मापाने लहान होत नाही. म्हणून जुन्या पौराणिकपटांतला समुद्र नेहमी टाकीतला वाटतो. कितीही चांगला कारागीर असला तरी ती मर्यादा निसर्गाची आहे.

या कारागिरीची मुळे मराठी माणसाला परकी नाहीत. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्यात त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय केला, आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने, म्हणजे आपलेच आडनाव उलटे करून, ते जादूचे प्रयोगही करत. त्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) मारुती उडाला आणि अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. ‘कालियामर्दन’मध्ये (१९१९) त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. फ्रान्समध्ये ज्या जॉर्ज मेलिएसने चित्रपटात चमत्कार आणला तोही व्यवसायाने जादूगारच होता. बाबूभाई या परंपरेतले. फरक एवढाच की जादूच्या रंगमंचावरून न येता ते थेट कॅमेऱ्याच्या पेटीतून आले.

आता वाडिया बंधूंकडे वळायला हवे. त्यांच्याशिवाय बाबूभाईंचा दिग्दर्शक घडला नसता, आणि सुरतेचा धागा तिथेही आहे. जहाजे बांधणारे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला गेले. त्यांच्याच वंशात जमशेद ऊर्फ जे. बी. एच. वाडिया (१९०१-१९८६) आणि धाकटे होमी वाडिया (१९११-२००४) जन्मले. दोघे डग्लस फेअरबँक्सच्या ‘द मार्क ऑफ झोरो’ने (१९२०) झपाटलेले. काळा मुखवटा, घोडा, गरिबांची बाजू, जुलमी सत्तेशी टक्कर. त्यांनी १९३३ मध्ये वाडिया मूव्हीटोन काढली आणि १९३५ मध्ये होमी वाडियांनी ‘हंटरवाली’ दिग्दर्शित केला. राजकन्या माधुरीच्या बापाला दुष्ट प्रधान कैदेत टाकतो. मग ती मुखवटा चढवते, हातात चाबूक घेते आणि पीडितांच्या मदतीला धावते. माधुरी झाली होती ऑस्ट्रेलियात जन्मलेली, भारतात वाढलेली, सर्कशीत काम केलेली मेरी इव्हान्स, म्हणजेच फिअरलेस नादिया.

चित्रपट विकत घ्यायला वितरक तयार नव्हते. गोरी बाई मुखवटा घालून पुरुषांना बडवते, हे कोण बघणार, अशी त्यांची शंका. शेवटी वाडियांनी तो स्वतःच ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात लावला आणि तो पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. नादियाच्या नावाचे चाबूक आणि काडेपेट्या बाजारात विकल्या गेल्या. आज ज्याला मर्चंडाइज म्हणतात तो धंदा तेव्हाही होता. साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेत सुपरमॅन छापून आला १९३८ मध्ये, बॅटमॅन १९३९ मध्ये. मुखवटा घालून दुहेरी आयुष्य जगणारी, दुर्बलांसाठी लढणारी वीरांगना मुंबईच्या पडद्यावर त्यांच्याआधी आली होती. तिच्यात अमानवी शक्ती नव्हती, हे खरे. पण ती बॅटमॅनमध्येही नाही.

खानदेशातून आलेल्या माणसाला मुखवट्याची ही शक्ती समजावून सांगावी लागत नाही. डांगपासून नाशिकच्या आदिवासी पट्ट्यापर्यंत भोवाड्यात रात्रभर मुखवटे नाचतात. मुखवटा चढला की गावातलाच माणूस काही वेळ गावातला राहत नाही, देव होतो, आणि बघणारे त्याला नमस्कारही करतात. मुखवट्याआड कोण आहे हे सगळ्यांना माहीत असते, तरी त्याने काही बिघडत नाही. अमेरिकन सुपरहिरोची निम्मी कथा ‘हा कोण?’ या रहस्यावर चालते. आपल्या कथेला त्या रहस्याची गरज पडत नाही, कारण कोण आहे हे ठाऊक असूनच आपण रात्र जागवतो.

नादियाच्या चित्रपटांचे एक वैशिष्ट्य असे की तिच्या घोड्याला ‘पंजाब का बेटा’ आणि तिच्या ऑस्टिन मोटारीला ‘रोल्सरॉइस की बेटी’ अशी नावे होती आणि श्रेयनामावलीत त्यांना मान होता. जे. बी. एच. वाडिया मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे अनुयायी, कथेत स्वातंत्र्याचा आणि समतेचा सूर आणणारे. होमींना वेग हवा असे, मारामारी, रेल्वेच्या टपावरची झुंज. चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला भावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. होमींनी बसंत पिक्चर्स काढली. परळच्या लवजी कॅसल परिसरातला वाडियांचा स्टुडिओ १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांच्याकडे गेला आणि तिथे राजकमल कलामंदिर उभे राहिले. स्टंटपटांची ती जागा पुढे मराठी-हिंदी चित्रपटातल्या गंभीर कलाकृतींची जागा झाली. चित्रपटाचे इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यातला दुसरा अध्याय आवडीने लिहिला, पहिला बहुतेक घाईत उरकला. याचे मला वाईट वाटते.

त्याच १९४२ साली बाबूभाई नानाभाई भट्टांबरोबर ‘मुकाबला’चे सहदिग्दर्शक झाले. नादियाची दुहेरी भूमिका. अर्धे भिंग झाकण्याची ती युक्ती इथे कथेचा कणा झाली. ट्रिक करणारा माणूस दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसला की काय बदलते, ते इथे पहिल्यांदा दिसते. एरवी कथा लिहून होते, मग ट्रिकवाल्याला बोलावून विचारतात, हे जमेल का? इथे जे जमते त्यातूनच कथा उगवते. एका चेहऱ्याच्या दोन बायका एकाच चौकटीत उभ्या करता येतात, हे हाताला ठाऊक असलेला माणूसच दोन बहिणींची गोष्ट बेधडक सांगू शकतो.

पुढच्या दशकात होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्सने पौराणिकपट आणि जादूपट यांचा सपाटा लावला. ‘श्री गणेश महिमा’ (१९५०), ‘हनुमान पाताल विजय’ (१९५१), ‘अलादीन और जादुई चिराग’ (१९५२), ‘अलीबाबा और चालीस चोर’ (१९५४), ‘हातिमताई’ (१९५६). या काळात बसंतच्या चमत्कारांची बाजू बाबूभाईंच्या हाती होती. अलादीनमध्ये आणि त्याआधीच्या दोन्ही पौराणिकपटांत मीनाकुमारी होती, मोठी तारका होण्याआधीची. ‘हनुमान पाताल विजय’मध्ये मारुतीची भूमिका संगीतकार एस. एन. त्रिपाठी यांनी केली; संगीतही त्यांचेच. गणपती, मारुती, अलादीन, हातिम: एक पारशी निर्माता आणि एक सुरती कारागीर या सगळ्यांना सारख्याच मनापासून पडद्यावर आणत होते. प्रेक्षकही तसाच. यात्रेतल्या तंबूत, जिथे जमिनीवर बसून चित्रपट पाहिला जाई, तिथे पौराणिकपट हमखास चालत आणि बघायला सगळा गाव लोटे.

बाबूभाईंची दिग्दर्शक म्हणून खरी ओळख साठच्या दशकातली. ‘संपूर्ण रामायण’ (१९६१), ‘पारसमणी’ (१९६३), ‘महाभारत’ (१९६५). पहिल्यात राम महिपाल, सीता अनिता गुहा. मंथरेच्या भूमिकेत आपल्या ललिता पवार, संगीत वसंत देसाईंचे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीचे नाव संगीतकार म्हणून पडद्यावर प्रथम झळकले ते ‘पारसमणी’त. ‘महाभारत’मध्ये अर्जुन प्रदीपकुमार, द्रौपदी पद्मिनी, भीम दारासिंग.

या चित्रपटांपुढे एक अडचण असते आणि बाबूभाईंच्या कामाचे मर्म तिथेच आहे. प्रेक्षकाला सगळे आधीच माहीत असते. मारुती समुद्र ओलांडणार, लंका जळणार, द्रौपदीची साडी संपणार नाही, हे कळण्यासाठी कुणी तिकीट काढत नाही. सुपरहिरो-चित्रपटाचे प्रचलित शास्त्र सांगते की प्रेक्षकाला धक्का द्या, शक्तीचा उगम लपवा, शेवटी उलगडा करा. इथे लपवायला काहीच नाही. मग दिग्दर्शकाने करायचे काय? बाबूभाईंचे उत्तर असे दिसते: प्रेक्षकाने आजीच्या तोंडून ऐकताना मनात जे पाहिले, कीर्तनात बसून पाहिले, कॅलेंडरवर पाहिले, ते त्याच्यासमोर आता खरोखर घडू दे. म्हणजे इथे चमत्कार हा आश्चर्याचा क्षण नाही, तो वचनपूर्तीचा आहे. देवळात रांग लावून गाभाऱ्यापाशी पोचलेला माणूस मूर्ती कशी असेल या कुतूहलाने आत जात नाही. ती त्याला पाठ असते, तरीही समोर आली की त्याचे हात जुळतात. हे चित्रपट त्या भावनेला उद्देशून बनवले आहेत.

म्हणूनच बाबूभाई चमत्काराची घाई करत नाहीत. त्यांचा कॅमेरा अशा प्रसंगी बहुधा स्थिर आणि समोरासमोर असतो. त्याला तांत्रिक कारण आहे, कारण दोनदा फिरवलेल्या पट्टीत हलता कॅमेरा परवडत नाही. पण त्या सक्तीतून एक शैली तयार झाली. चमत्कार तुकड्यातुकड्यांत कापलेला नसतो. तो एकाच चौकटीत, शक्यतो बघणाऱ्या माणसांसह घडतो. ऋषी, सैनिक, नगरजन बाजूला उभे असतात आणि त्यांच्या नजरेतून आपण बघतो. आजचे चित्रपट अशा वेळी सेकंदाला दोन-दोन तुकडे दाखवतात, कारण प्रत्येक तुकड्यातली खोट झाकायची असते. बाबूभाईंच्या स्थिर चौकटीत खोट लपत नाही. काही वेळा ती स्पष्ट दिसते, प्रकाशाची कड जुळत नाही, उडणाऱ्या आकृतीभोवती निळसर रेघ राहते. तरी मला ती चौकट अधिक प्रामाणिक वाटते, कारण ती प्रेक्षकाला सगळे एकदम बघू देते.

दोषही सांगायला हवेत. हे चित्रपट लांब आहेत, मधल्या गाण्यांत रेंगाळतात, आणि चमत्कार संपला की पुढचा चमत्कार येईपर्यंत पात्रे ठरलेली वाक्ये बोलत उभी राहतात. सीता किंवा द्रौपदी यांच्या मनात काय चालले आहे, याची चौकशी दिग्दर्शक फारशी करत नाही. ‘हंटरवाली’तली धावती, लढती स्त्री या पौराणिकपटांत पुन्हा पूजेच्या चौरंगावर जाऊन बसली, हे मला त्यांचे सर्वांत मोठे उणे वाटते. होमींबरोबर उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाकडून अधिक अपेक्षा होती.

दारासिंगांचा प्रसंग मात्र विलक्षण आहे. ट्रिकसाठी प्रसिद्ध असलेल्या या दिग्दर्शकाने १९६२ मध्ये ‘किंगकाँग’ नावाचा चित्रपट काढला, आणि त्यात अजस्र वानर नव्हता. होते ते मल्ल. नायक दारासिंग, नायिका कुमकुम. आखाड्यातून थेट पडद्यावर आलेल्या या देहाला दोरा लागत नव्हता, प्रतिकृती लागत नव्हती. कोल्हापुरापासून खानदेशापर्यंत कुस्तीच्या फडाला मुले खांद्यावर घेऊन जाणाऱ्या प्रेक्षकाला हे बळ डोळ्यांनी पारखता येत होते. तीन वर्षांनी बाबूभाईंनी त्याच देहाला भीम केले. पुढे दुसऱ्या दिग्दर्शकांच्या हाती दारासिंग मारुती झाले: चंद्रकांत यांच्या ‘बजरंगबली’त (१९७६) आणि मग रामानंद सागरांच्या दूरदर्शन मालिकेत. भारतीय सुपरहिरोचा देह कसा असावा, हे चित्र असे टप्प्याटप्प्याने ठरत गेले: छाती आखाड्याची, उड्डाण काळ्या दोऱ्याचे.

आणि स्वभाव? तो हातिमचा म्हणावा लागेल. हातिमताईची कथा फारसी दास्तानांतून आपल्याकडे आली. सात सवाल सोडवायला हातिम घराबाहेर पडतो; पण ते सवाल त्याचे स्वतःचे नाहीत. मुनीर शामी नावाचा तरुण हुस्नबानूच्या प्रेमात पडलेला असतो आणि तिची अट पुरी करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते, म्हणून हातिम त्याच्यासाठी निघतो. वाटेत जो भेटेल त्याला मदत करत जातो आणि शेवटी त्याच्या हाती स्वतःसाठी काही उरत नाही. होमी वाडियांनी ही कथा १९५६ मध्ये केली. बाबूभाईंनी तीच १९९० मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, जितेंद्रला घेऊन पुन्हा सांगितली. मारुतीची कथाही याच जातीची आहे. त्याला आपल्या शक्तीचा विसर पडलेला असतो. समुद्रकिनारी जांबवंत ती आठवून देतो, तेव्हा तो उडतो, आणि उडतो तो दुसऱ्याच्या कामासाठी. अमेरिकन नायकाला शक्ती मिळते अपघाताने: किडा चावतो, ग्रह फुटतो, प्रयोग फसतो. मग चित्रपटभर तो या शक्तीचे मी काय करू, असे स्वतःला विचारत राहतो. बाबूभाईंच्या नायकाला हा प्रश्न पडत नाही. शक्ती कुणीतरी दिलेली आहे, वराने, गुरूने किंवा मण्याने, आणि दिली तेव्हाच ती कशासाठी हेही सांगितले आहे. त्याचा पेच एवढाच की योग्य वेळी ती आठवेल का, आणि आठवून देणारे कुणी भेटेल का.

१९८७ हे साल या दृष्टीने फार बोलके आहे. जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले. मे महिन्यात शेखर कपूर यांचा ‘मिस्टर इंडिया’ आला; त्यातला अदृश्य माणूस ‘ख्वाब की दुनिया’नंतर बरोबर पन्नास वर्षांनी. त्याचे चमत्कार पीटर परेरा यांनी उभे केले होते आणि तेही संगणकाशिवाय. त्याच वर्षी बाबूभाईंचा ‘कलयुग और रामायण’ आला. मारुती आजच्या काळात एका कुटुंबात येऊन राहतो. मारुतीच्या भूमिकेत मनोजकुमार. चित्रपटाचे आधीचे नाव ‘कलयुग की रामायण’ होते, वाद झाल्यावर ते बदलावे लागले. पौराणिक वीर आधुनिक शहरात आणून सोडायचा, हा प्रयोग आज सर्रास होतो. एकोणसत्तरीतल्या बाबूभाईंनी तो तेव्हा करून पाहिला. तो नीट जमला असे मला वाटत नाही, त्यातला उपदेश फार मोठ्या आवाजात आहे. पण कल्पना त्यांच्याच घरातली होती.

त्यांच्या ‘हातिमताई’नंतर अवघ्या तीन वर्षांत ‘जुरासिक पार्क’ आला आणि फिल्मवरच्या हातकामाचे दिवस संपत आले. बाबूभाई गेले त्याच्या सुमारे अडीच महिने आधी रजनीकांतचा ‘एन्धिरन’ प्रदर्शित झाला होता. त्यात एका रजनीकांतचे शेकडो रजनीकांत होतात, आणि भिंगावर झाकण सरकवण्याची गरज कुणालाच पडत नाही.

मराठीत सुपरहिरो म्हणून ठरवून केलेला चित्रपट म्हणजे निखिल महाजन यांचा ‘बाजी’ (२०१५), श्रेयस तळपदे नायक. महाजन यांनी आधी ‘पुणे ५२’मध्ये (२०१३) खाजगी गुप्तहेराची काळोखी गोष्ट सांगितली होती. पुढे ‘गोदावरी’साठी त्यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यात ते नदीकाठच्या नाशिकमधल्या एका घराच्या दुःखात उतरले. ‘बाजी’मध्ये त्यांनी घोडा, मुखवटा आणि गावाची दंतकथा घेतली. म्हणजे सामग्री ‘हंटरवाली’ची, आणि तिच्यामागे झोरोची. चित्रपट अपेक्षेइतका चालला नाही, पण दंतकथेतला वीर गावाला हवा असतो आणि म्हणून कुणीतरी तो व्हावे लागते, ही त्याची बैठक मला अस्सल वाटते. तेलुगूत प्रशांत वर्मा यांनी ‘हनुमान’मध्ये (२०२४) साध्या गावातल्या एका उनाड पोराला मारुतीच्या कृपेने शक्ती दिली आणि तो चित्रपट देशभर चालला. शक्ती बाहेरून, कृपेने येते. वीर तिचा मालक नसतो. बाबूभाईंच्या प्रेक्षकाला ही मांडणी पहिल्या प्रसंगातच ओळखीची वाटली असती.

ज्यांना या माणसाच्या कामाशी ओळख करून घ्यायची आहे त्यांनी ‘पारसमणी’पासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. रामायण-महाभारताचे दडपण तिथे नाही, त्यामुळे बाबूभाईंचा हात मोकळा आहे. बघताना उडणाऱ्या माणसाकडे पाहू नये, त्याच्या मागच्या ढगांकडे आणि भोवतीच्या सावल्यांकडे पाहावे. प्रकाश कुठून टाकला आहे, कोणता कोपरा मुद्दाम काळा ठेवला आहे, चौकटीचा कोणता अर्धा भाग दुसऱ्या वेळी चित्रित झाला असेल, हे ओळखण्याचा प्रयत्न करावा. एखाद्या प्रसंगात जोड दिसेल. तीन-चार प्रसंगांत कितीही मागे-पुढे करून पाहिले तरी दिसणार नाही. मग ‘संपूर्ण रामायण’ लावावे, आणि या खेपेला घरातल्या मुलांना शेजारी बसवावे.